जावयाच्या मानासाठी धुतलेले जिवाणू

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. स्थळ: आमच्या नाशिकच्या घराचा हॉल. रक्कम: एक लाख वीस हजार रुपये. हजर: मी, माझी पत्नी नंदा आणि तिचे थोरले भाऊ सुधाकरराव. ते एका लग्नासाठी आले होते आणि परतीच्या गाडीला अजून वेळ होता.

सुधाकरराव बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याच्या आतल्या बाजूला एका गावात राहतात. कापूस आणि सोयाबीन करतात. चहा संपल्यावर त्यांनी विषय काढला.

"जवाईबुवा, जुना ट्रॅक्टर इकला. पैसे बँकेत पडून हायेत. तेजू म्हणते, गटाराच्या पाण्यातून वीज काढतो. खामगावच्या पोरींच्या होस्टेलले मोठं यंत्र बसवाचं हाय तिले. मले त पटलं. तिच्या मायले नाई पटत. तुमी येऊन पाहा, आकडे मांडा. तुमी हो म्हणलं त हो, नाई म्हणलं त नाई."

तेजू म्हणजे त्यांची मुलगी तेजस्विनी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. झाली आहे आणि खामगावला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. होस्टेलने तिला मागच्या अंगणातली जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. तोवर पैसे उभे राहिले नाहीत तर तिथे स्कूटर लावायची शेड होणार होती.

मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे आणि आमच्या सोसायटीचा खजिनदारही आहे. त्यामुळे सासरी माझ्याबद्दल असा समज आहे की मला आकड्यांतलं सगळं कळतं. मी फोनवरूनच मत कळवायच्या विचारात होतो. पण नंदा म्हणाली, "नाही म्हणायचं असेल तर माझ्या भाचीच्या तोंडावर म्हणा. फोनवरून नाही." तिच्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून मी एकटाच निघालो.

मोताळा, शनिवार, १५ फेब्रुवारी

मलकापूरला उतरून एस.टी.ने मोताळ्याला पोचलो. सुधाकरराव मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभे होते. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, लसणाच्या माळा आणि दोन्हींमधून वाट काढणारी मोटारसायकल. मागे मी, मांडीवर बॅग आणि डोळ्यांत पाणी. ते सासरच्या आठवणीचं नव्हतं, मिरचीचं होतं.

आमच्याकडे ओळखीचा माणूस भेटला तर हात वर करून पुढे जातात. इथे गाडी थांबवतात, इंजिन बंद करतात, स्टँड लावतात आणि मग बोलतात. सुधाकरराव प्रत्येकाला सांगत होते, "हे आमचे जवाईबुवा. नाशकाहून आले. विजेचं पाहाले."

चौथ्या की पाचव्या थांब्यापर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की या वाक्याचा लोक काय अर्थ घेत आहेत. एका गृहस्थांनी पिशवीतून घडी घातलेलं वीजबिल काढून माझ्या हातात दिलं.

"साहेब, तीन बलप अन् एक पंखा. एवढं बिल कसं काय येते, सांगा बरं."

मी वीज खात्याचा नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. शेवटी मी बिल वाचलं. मागची थकबाकी त्यात धरलेली होती, ती दाखवली. त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि जाताना म्हणाले, "खात्यात सरळ माणसं पण असतात म्हणजे."

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शोभावहिनी, म्हणजे सुधाकररावांच्या पत्नी, दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. पायांवर पाणी घातलं, मग गूळ-पाणी दिलं. मी चार वर्षांनी आलो होतो, आणि जावई चार वर्षांनी येतो तेव्हा काय काय होऊ शकतं याची मला कल्पना नव्हती. भिंतींना चुना लावला होता. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा धुतलेल्या होत्या. अख्ख्या घराला फिनेलचा असा वास येत होता की सरकारी दवाखान्यात आल्यासारखं वाटलं.

"जा, आंघोळ करून घ्या. पाणी काढून ठेवलं," वहिनी म्हणाल्या. "मोरी एकदम साफ हाय. मी सोता घासली."

न्हाणीघर मागच्या अंगणात, गोठ्याला लागून. त्याच्या बाहेर भिंतीकडेला आठ निळे ड्रम ओळीने मांडलेले होते. प्रत्येकातून दोन तारा बाहेर आलेल्या. हेच ते यंत्र, हे मी ओळखलं. मी नीट आंघोळ केली, बाहेर आलो आणि दाराशी अंथरलेल्या जाड काळ्या पायपुसण्यावर उभा राहून पाय कोरडे करू लागलो. पायपुसणं फार छान होतं. मऊ, पाणी चटकन शोषणारं. असं नाशिकला मिळत नाही, नंदासाठी एक न्यावं, असं मनात आलं.

तेवढ्यात खामगावहून तेजस्विनी आली. खांद्याची पिशवी तशीच ठेवून ती अंगणात धावत आली आणि मध्येच थांबली. मला वाटलं, मी टॉवेलवर असल्यामुळे थांबली. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"काका," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही माझ्या इलेक्ट्रोडवर उभे आहात."

मी उडी मारून बाजूला झालो. तिने मान वळवली. दोरीवर वहिनींच्या दोन साड्या, सुधाकररावांचा सदरा आणि त्यांच्या मधोमध तसलीच पाच काळी कापडं, चिमटे लावून, वाळत घातलेली होती.

"आई!"

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "काय झालं व? काऊन वरडते?"

"ही कापडं कोणी काढली?"

"म्याच काढली. किती बुळबुळीत झाली होती! शेवाळ धरलं होतं सगळ्याइले. ब्रशनं घासली, फिनेलात बुचकळली. डरमात बी अर्धी अर्धी बाटली टाकली. घरात जवाई येऊन राह्यले, अन् न्हाणीपाशी असा वास?"

"आई, ती बुळबुळच माझी वीज होती!"

"काहीतरीच. मळक्या कापडानं वीज कशी येईन? आता धुतलं त अजून जास्त येईन."

तेजस्विनी ड्रमांपाशी खाली बसली. मीटर काढून एकेका ड्रमच्या तारांना लावू लागली. सहा ड्रमांवर काटा जागचा हलला नाही. शेवटचे दोन ड्रम जांबाच्या झाडाच्या फांदीआड होते. तिथे वहिनींचा हात पोचला नव्हता. तेवढे दोन जिवंत होते. तिने दोघांवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

सुधाकरराव एवढंच म्हणाले, "आता जवाईबुवा काय पाहातीन?"

रविवार, गावातच

सकाळी शेतावर रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना "अजून?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात. मी ताटावर हात आडवा धरला तर वहिनींनी तूप हाताच्या बाजूने सोडलं.

तेजस्विनी जेवली नाही. फिनेलच्या धक्क्यातून ती बाहेर आलेली नव्हती. पण मी विचारल्यावर तिने यंत्र समजावून सांगितलं, आणि ते मला प्रथमच कळलं.

"घाण पाण्यात जिवाणू असतातच, काका. ते घाण खातात. खाताना त्यांच्याजवळ विजेचे कण उरतात, ते कोणाला तरी देणं भाग असतं. हवा असली की हवेला देतात. आपण खालच्या खणात हवा बंद करून टाकतो. मग काही जातीचे जिवाणू या कार्बनच्या कापडाला चिकटतात आणि कापडाला देतात. कापडाला तार जोडलेली. दुसऱ्या टोकाला हवा. झालं सर्किट."

"म्हणजे दूध घालाले दुसरी डेअरीच नाई," सुधाकरराव मध्येच म्हणाले, "मंग आपल्याच डेअरीवर घालतात."

"हो बाबा, तसंच. आणि आईने काल डेअरीच धुऊन काढली. शेतकऱ्यांसकट."

वहिनी निखारे सारत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

तेजस्विनीचा उपाय असा होता: जिवंत ड्रमांतली बुळबुळ खरवडून धुतलेल्या कापडांना लावायची, ड्रम रिकामे करून ताजं सांडपाणी भरायचं आणि वाट पाहायची. अडचण एकच. घरच्या मोरीत आणि गोठ्याच्या नाल्यात सगळीकडे फिनेल होतं. फिनेल न लागलेलं शेणपाणी हवं होतं, आणि ते जवळात जवळ शेजारी बबनभाऊंच्या गोठ्यात होतं.

बबनभाऊ आणि सुधाकरराव यांच्यात सांडपाण्यावरून जुनं भांडण. सुधाकररावांच्या गोठ्याचं पाणी उतारामुळे बबनभाऊंच्या दारापुढून वाहायचं. तेजस्विनीने ड्रम बसवल्यावर ते थांबलं आणि भांडणही थांबलं. सुधाकररावांना वाटलं, आता संबंध सुधारले आहेत. ते मला घेऊन मागायला गेले.

बबनभाऊ ओट्यावर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या शेणपाण्यातून तुमी वीज काढणार."

"हाव."

"मंग फुकट काऊन देऊ बे? वीज तुमची अन् शेणपाणी माझं?"

"अरे बबन, इतके दिवस नालीत सोडून राह्यला होता न तू!"

"तवा मले माहीत नव्हतं न." त्यांनी वस्तरा पुसला. "बादलीले वीस रुपये. नाई त माझ्या ओट्यावर एक बलप द्या लावून."

सुधाकरराव उठून चालायला लागले. मी त्यांना थांबवलं आणि चार बादल्यांचा सौदा ठरवला. पैसे नंतर द्यायचे होते. बबनभाऊ म्हणाले, "जवाई माणूस बोलला म्हणून. सुधाकरवर माझा भरवसा नाई."

त्यांचा आणखी एक प्रश्न होता. त्यांची विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर या यंत्रावर चालेल का? तेजस्विनीने हात जोडले. "भाऊ, तुमच्या मोटरीसाठी अख्ख्या तालुक्याने एकदम आंघोळ केली तरी पुरायचं नाही." हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कुठून आला ते मला संध्याकाळी कळलं. सुधाकररावांनी महिनाभर गावभर सांगितलं होतं की आमच्या घरच्या गटारावर गाव उजळणार. येत्या शनिवारी बघायलाही बोलावून ठेवलं होतं.

माझं परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. मी ते रद्द केलं. न बघता मत देणं माझ्याच्याने झालं नसतं. नंदाला फोन केला तर ती म्हणाली, "सासरी आठवडाभर राहणार? कोणी काही म्हणालं तर गटार पाहायला राहिलोय असं सांगा. मान राहील."

खामगाव, सोमवार

ज्या जागेवर पैसे लागणार ती जागा पाहायला हवी, म्हणून तेजस्विनीबरोबर नांदुऱ्यावरून खामगावला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना हरभरा पिवळा पडत चालला होता. खामगावात जिनिंगच्या अंगणांत कापसाचे डोंगर होते. स्टँडबाहेर कचोरी खाल्ली. सोबत तळलेली मिरची आली. मी ती सजावट समजून सोडून दिली. दुकानदाराने ती कागदात बांधून माझ्या हातात दिली. "पैसे घेतले हाय तिचे," म्हणाला. या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

होस्टेल दुमजली. अधीक्षक गवईबाई, पन्नाशीच्या, स्वच्छ पांढरी साडी, बोलणं थेट. त्यांनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथे सांडपाणी शुद्ध करायची टाकी होती आणि तिच्यात हवा फुंकणारा पंप. पंप बंद होता.

"चालवला त बिल परवडत नाई. नाई चालवला त हे असं," गवईबाई म्हणाल्या आणि नाकाला पदर लावला.

मला आमच्या सोसायटीचा असाच पंप आठवला. दर सभेत त्याच्या बिलावरून भांडण होतं. रात्री चालवला तर आवाजाची तक्रार, बंद ठेवला तर वासाची. आमच्याकडे फ्लशची कळ दाबली की माणसाचा पाण्याशी संबंध संपतो, उरतो तो फक्त बिलाशी.

मी वहीत लिहायला लागलो. "मॅडम, तुम्हाला साधारण किती वीज मिळावी अशी अपेक्षा आहे?"

"वीज?" गवईबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "साहेब, वीज घेऊन काय करू? आमच्या घरी बाबा म्हणायचे, शिकाचं असलं त खिडकीपाशी बसून शिकाव, उजेड फुकट असते. ह्या पोरी खेड्यातून शिकाले येतात, अन् ह्या बाजूच्या बारा खोल्याइच्या खिडक्या कधी उघडत नाईत. भर उन्हाळ्यात बी नाई. मले वास गेलेला पाह्यजे. बास."

मी तेजस्विनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी पहिल्यापासून हेच सांगून राह्यली, काका. हे जिवाणू हवा न फुंकता घाण खातात. पंप लागत नाही, किंवा फार कमी लागतो. गाळही कमी साठतो. विजेचं बाबाच सगळीकडे सांगतात. वीज म्हटलं की त्यांना बरं वाटतं."

परत येताना गाडीत मी वहीतल्या पहिल्या दोन पानांवर रेघ मारली. तिथे मी बल्बांचा हिशेब मांडून ठेवला होता.

शनिवार, पुन्हा गावात

मधल्या दिवसांत दुसरं काही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ मीटर लावायचं आणि आकडा वाचायचा. पहिल्यांदा काहीच नाही. मग थोडं. मग एका ड्रमने उचल खाल्ली, मागोमाग दुसऱ्याने. एवढ्याशा आकड्यासाठी मी इतका अधीर कधी झालो नव्हतो, आणि मी ताळेबंदावर आयुष्य काढलं आहे. वहिनीही धुण्याच्या निमित्ताने चकरा मारत. एकदा मला हळूच विचारलं, "जेवतात का ते आता?"

शनिवारी संध्याकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या. चाळीसेक माणसं जमली. पाच हॉर्सपॉवरच्या आशेने बबनभाऊ पहिल्या रांगेत बसले. चहा झाला. सुधाकररावांनी प्रस्तावना केली, त्यात दोनदा "क्रांती" आली. तेजस्विनीने तारा जोडल्या.

एक लाल दिवा लागला. तुरीच्या दाण्याएवढा.

मागून एक म्हातारेबुवा म्हणाले, "लागला का?"

"लागला न, आबा."

"कुठं?"

त्यांना हात धरून जवळ आणलं. त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा सरकवला, पुन्हा पाहिलं. "एवढ्यासाठी चाय पाजली व्हय, सुधाकर?"

अख्खं अंगण हसलं. तेजस्विनीने दोन बाटल्या दाखवल्या, ड्रममध्ये जाणारं पाणी आणि बाहेर येणारं. पण लोक उठायला लागले होते. तिचं बोलणं पहिल्या दोन रांगांपुढे गेलं नाही.

लोक गेल्यावर सुधाकरराव खुर्चीत बसून राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. "जवाईबुवा, आता तुमीच सांगा. आकडा काय म्हणते?"

तेजस्विनी तारा गुंडाळत होती. ती थांबली.

मी खोटं बोललो असतो तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण मला येत नाही. "वीज म्हणून पाहिलं तर यात एक रुपयाही घालू नये," मी म्हणालो. "हा दिवा लावायला जेवढा खर्च आला तेवढ्यात आयुष्यभर पुरतील एवढ्या मेणबत्त्या आल्या असत्या."

वहिनी चुलीपासून उठून बाहेर आल्या.

"पण गवईबाईंना दिवा नको आहे," मी पुढे म्हणालो. "त्यांचा पंप बिलापायी बंद पडलाय. तो चालायचा तेव्हाचं महिन्याचं बिल मी पाहिलंय. तो पंप निम्म्याने जरी कमी लागला आणि वाचलेलं बिल होस्टेलने तुम्हाला दिलं, तरी पैसे काही वर्षांत वसूल होतात. यंत्राने किती वीज दिली ते मोजू नका. किती जाळावी लागली नाही ते मोजा."

"म्हणजे न लागलेल्या बलपाचे पैसे मोजाचे?" सुधाकरराव म्हणाले.

"आमच्या सोसायटीत आम्ही लागलेल्याचे मोजतो. त्यापेक्षा हे स्वस्त."

यावर वहिनी बोलल्या. "वास जातो हे खरं हाय. आधी न्हाणीपाशी उभं राहवत नव्हतं. म्या फिनेल टाकलं ते जवाईच्या मानासाठी टाकलं. वासाचं म्या उगाच म्हणलं. वास त तेजूच्या डरमानं कवाच कमी झाला होता."

आठवडाभरात हे त्या पहिल्यांदा बोलल्या. तेजस्विनी तारा तशाच हातात धरून आईकडे बघत राहिली.

मी पूर्ण रकमेला हो म्हटलं नाही. निम्म्या ड्रमांचं यंत्र आधी बसवावं, आणि त्या बाजूच्या निदान सहा खोल्यांच्या खिडक्या उघडल्या की उरलेले पैसे द्यावेत, असं सुचवलं. तेजस्विनी घासाघीस करू लागली. सहा नाही, चार खिडक्या. उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यानंतर मोजायच्या. कापडाचा भाव वाढला तर फरक वडिलांनी द्यायचा. ती माझ्यापेक्षा कडक निघाली. दोन मुद्दे मला सोडावे लागले, आणि ते सोडताना मला वाईट वाटलं नाही.

हिशेब

सोमवार, २४ फेब्रुवारी. सुधाकररावांनी बँकेतून काढून तेजस्विनीच्या हातात साठ हजार रुपये दिले. तिने आमच्यासमोर मोजले. उरलेले साठ हजार चार खिडक्या उघडल्यावर द्यायचे आहेत. हे लिहीपर्यंत दोन उघडल्या आहेत. गवईबाई म्हणतात की तिसरी गंजली आहे, तिचा वासाशी संबंध नाही. तो वाद चालू आहे.

मी निघताना बबनभाऊ आडवे आले. सुधाकरराव म्हणाले, पाच एचपीची मोटर चालली नाही म्हणून हा आता दुप्पट मागेल. बबनभाऊंनी तसं काही केलं नाही. बोलल्याप्रमाणे पैसे मागितले आणि म्हणाले, अजून लागलं तर सांगा, म्हशी दोन हायेत.

मी पैसे दिले. हा पैसा सुधाकररावांनी देणं मला योग्य वाटलं नाही, कारण त्या घरात फिनेल माझ्यामुळे आलं होतं. नाशिकला आम्ही घाण घेऊन जाण्याचे दर महिन्याला पैसे भरतो. आणून देण्याचे मी प्रथमच दिले.

अखेर दिलेली रक्कम: ऐंशी रुपये, बबनभाऊंना, चार बादल्या शेणपाण्याबद्दल, घरपोच.